रोचेस्टरच्या कीपचा गोल कोपरा

इंग्लंडच्या केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी उभ्या असलेल्या रोचेस्टर किल्ल्याच्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत; आग्नेयेचा चौथा मात्र गोल आहे. हा गोलवा हौसेचा नव्हे, डागडुजीचा आहे.

अशा मनोऱ्याला ‘कीप’ म्हणतात. आपल्या बालेकिल्ल्याप्रमाणे तोही शेवटच्या आसऱ्याची जागा असला, तरी ती एकच उंच, जाडजूड इमारत असते. पहिल्या हेन्री राजाने ११२७ साली हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हवाली केला आणि त्यानंतर उभी राहिलेली ही कीप सुमारे ३४ मीटर उंच आहे. पायाशी तिच्या भिंती साडेतीन मीटरांहून जाड आहेत. प्रवेशद्वार जमिनीलगत न ठेवता वर घेतले आहे आणि भिंतीला बिलगून चढणाऱ्या जिन्यानेच तिथवर जाता येत असल्यामुळे ओंडक्याच्या धडका देऊन दार फोडणे अवघड होते. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातील नक्षीदार कमानी पाहिल्या, की धन्याचा थाट मिरवणे हाही बांधकामाचा हेतू होता हे पटते.

माझ्या मते या रचनेतले सर्वांत हुशारीचे काम म्हणजे इमारत मधोमध दुभागणारी आडवी भिंत. तिच्या पोटातून विहिरीचा नळ थेट वर नेलेला असल्याने प्रत्येक मजल्यावर पोहरा ओढून पाणी घेता येई.

१२१५ साली बंडखोर सरदारांनी किल्ला बळकावला, तेव्हा जॉन राजाने वेढा घातला. दगडफेकी यंत्रांनी कीप बधेना, म्हणून कोपऱ्याखाली सुरुंग खणला गेला. बंदुकीची दारू तेव्हा तिथे ठाऊक नव्हती. पाया लाकडी टेकूंवर तोलून धरायचा आणि मग ते टेकू जाळायचे, एवढाच तो सुरुंग. राजाने २५ नोव्हेंबरला पत्र धाडून चाळीस डुकरे मागवली, तीही खाण्याच्या कामाची नसलेली, पण चरबीने लठ्ठ झालेली. त्या चरबीने आग भडकली, टेकू जळले आणि कोपरा ढासळला. तरीही आतले लोक आडव्या भिंतीमागे सरकून लढत राहिले आणि अखेर उपासमारीनेच ३० नोव्हेंबरला शरण आले.

पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा गोल बांधला गेला. चौकोनी कोपऱ्याचे दगड पहारीने उचकटता येतात आणि त्याच्या टोकापाशी वरून नीट नजरही पोहोचत नाही. गोलाईत या दोन्ही अडचणी कमी होतात. आता कीपवर छप्पर नाही, मजल्यांच्या फळ्याही उरलेल्या नाहीत. आडव्या भिंतीतल्या तुळयांच्या खोबण्या मात्र खालून एकेक मोजता येतात.