गळा गोड नसला तरी भजन का रंगतं

कोजागिरी झाली की आमच्या गावात काकडा सुरू होतो. पहाटे साडेचारला देवळासमोर शेकोटी पेटते आणि भजनी मंडळातले काका, स्वतःचे हात शेकायच्या आधी, खंजिरी त्या उबेवर धरतात. रात्रीच्या दवाने कातडं ओल धरतं, सैल पडतं, थाप मारली की नुसतं ‘भद्द’ वाजतं. दोन मिनिटं ऊब मिळाली की ओल उडते, कातडं ताणलं जातं आणि तीच खंजिरी खणखणीत बोलू लागते.

शेजारच्या काकू रोज काकड्याला येतात, आरतीचं ताट धरतात, प्रसाद वाटतात. पण भजन सुरू झालं की ओठ मिटून बसतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “काहून म्हनू बाप्पा? माह्या गळ्यात सूर हाय कुठी? मी म्हनलं तं सगळ्यायचं बिघडन.”

तालुक्याच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो. काकूंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण ते चूक आहे. का चूक आहे हे ध्वनीचं साधं गणित करून दाखवता येतं.

आधी सुरांधळेपणाचं बघू. ज्यांना स्वरांतला फरक खरोखरच कळत नाही अशी माणसं असतात, पण शंभरात दोन-चारच. बाकीचे ‘बेसूर’ लोक सूर नीट ऐकतात. गळ्याचे स्नायू तेवढे हुकमात नसतात. त्यातही एक गंमत आहे. पेटीचा सूर ऐकून तो गळ्यात उतरवणं जितकं जड, तितकं माणसाचा आवाज ऐकून त्याला जुळवणं जड नाही. म्हणजे काकूंना पेटीपाशी बसवण्यापेक्षा चांगल्या म्हणणाऱ्या दोन बायांच्या मधे बसवणं जास्त कामाचं.

आता माझा आवडता भाग. जरा सावकाश वाचा.

समजा दोन पेट्या आहेत. एकीची पट्टी सेकंदाला 220 कंपनं करते, दुसरीची 221. दोन्ही एकदम वाजवल्या तर दोन सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर येतो आणि तो दर सेकंदाला एकदा फुगतो, एकदा ओसरतो. दोन्ही लहरींचे उंचवटे जुळले की आवाज मोठा, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की लहान. याला विस्पंद म्हणतात. फरक तीन कंपनांचा असेल तर सेकंदाला तीन झोके. दोनच माणसं थोडी वेगळी गात असली की हा झोका स्पष्ट कळतो आणि कानाला खुपतो. दोघांचं गाणं म्हणूनच अवघड.

आता वीस माणसं घ्या. 220 च्या आसपास अर्धा स्वर म्हणजे साधारण 13 कंपनं. चांगल्या सरावलेल्या वृंदातही गाणाऱ्यांमधे अर्ध्या स्वराच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतका फरक असतोच, म्हणजे एक ते अडीच कंपनांचा. कोणी 219 वर, कोणी 220.4 वर, कोणी 222 वर, आणि कोणीच एका जागी स्थिर नाही. वीस गळ्यांच्या जोड्या किती? 190. प्रत्येक जोडीचा झोका वेगळ्या वेगाचा. एक जोडी फुगते तेव्हा दुसरी ओसरते. 190 झोके एकमेकांत असे मिसळतात की त्यातला एकही वेगळा ऐकू येत नाही. उरते ती एक अनियमित, जिवंत थरथर. आणि कान त्या सगळ्या कंपनांच्या पट्ट्यातून मधला एक सूर उचलतो.

दोघांच्या गाण्यात खुपणारा तोच फरक विसांच्या गाण्यात सुराला भरीवपणा देतो. वीसजण यंत्रासारखे अगदी 220 वरच गायले असते तर ऐकणाऱ्याला एकच मोठा माणूस गातोय असं वाटलं असतं.

आणखी एक पायरी खाली उतरतो. गळ्यातून निघणारा सूर एकटा नसतो. 220 सोबत 440, 660, 880 असे त्याचे पटीतले स्वर निघतात. मुळात एका कंपनाचा फरक असेल तर दुप्पट स्वरात तो दोनचा होतो, दहापट स्वरात दहाचा. म्हणजे थरथर खालच्या अंगाला संथ असते आणि वरच्या अंगाला झरझर. भजन रंगलं की वर जी चकाकी आल्यासारखी वाटते ती या झरझर थरथरीची. यंत्राने एका आवाजाचे शंभर आवाज करायचे असतील तर यंत्रालाही हेच करावं लागतं: प्रत्येक नकलेचा सूर किंचित सरकवायचा आणि वेळ किंचित मागेपुढे करायची.

एक अट मात्र आहे. सूर थोडे इकडेतिकडे चालतील, स्वरवर्ण नाही. एकाचा ‘आ’ मोकळा आणि दुसऱ्याचा ‘ऑ’कडे झुकलेला असला की आवाज फाटतात, कारण तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की वरचे कोणते पटीतले स्वर जोर धरणार ते बदलतं. एका गावच्या मंडळाला हे फुकटात मिळतं. सगळ्यांची बोली एक, त्यामुळे ‘आ’ही एक. बाहेरगावी, शहरात, चार ठिकाणची माणसं जमवून वृंदगान बसवणाऱ्यांचा अर्धा वेळ यातच जातो.

मग काकूंनी गायल्याने बिघडेल किती? एकोणीस गळ्यांत विसावा गळा मिसळला तर एकूण आवाजात त्याचा वाटा पाच टक्के. तो थोडा वर-खाली असला तर थरथरीत एक धागा वाढेल. बिघडतं तेव्हाच, जेव्हा तो धागा इतरांपेक्षा फार मोठ्याने ओरडत असतो. आणि काकू काही ओरडणाऱ्यांतल्या नाहीत.

दुसरा गैरसमज इथेच येतो, आवाज मोठा पाहिजे हा. आमच्या भागातल्या एका मंडळाने वर्गणी काढून मोठा साऊंड घेतला: चार माईक, दोन पुरुषभर उंचीचे डबे. मी त्यांच्या भजनाला तीनदा गेलो. पहिल्यांदा बावीस लोक म्हणत होते. तिसऱ्यांदा चौघं म्हणत होते, ज्यांच्या पुढ्यात माईक होता ते. बाकीचे टाळ वाजवत बसले होते.

यात त्या लोकांचा आळस नव्हता. गाताना माणसाला दोन गोष्टी ऐकू याव्या लागतात, स्वतःचा आवाज आणि इतरांचा. स्टॉकहोमचे संशोधक स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी वृंदगायकांवर प्रयोग करून बघितलं तेव्हा त्यांना आपला आवाज इतरांच्या मानाने सरासरी सहा डेसिबलने वर असलेला आवडतो असं दिसलं. सहा डेसिबल म्हणजे ऊर्जेत चौपट. यापेक्षा आपला आवाज वर गेला तर इतर ऐकू येत नाहीत, खाली गेला तर आपण सुरात आहोत की नाही तेच कळत नाही. पाठीमागे डबा गर्जत असताना स्वतःचं काय ऐकू येणार? अशा वेळी माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रान्सचे डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलं होतं आणि आजही त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. चढवूनही ऐकू आलं नाही की माणूस गप्प होतो. चारजण ओरडतात, त्यांचा गळा बसतो. अठराजण श्रोते होतात.

आवाजाचं गणितही डब्याच्या बाजूने नाही. गाणारे दुप्पट झाले की तीन डेसिबल वाढतात, दसपट झाले की दहा. आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे एकाच्या जागी शंभरजण गायले तरी आवाज चौपट वाटतो, शंभरपट नाही. भजन ‘मोठं’ वाटतं ते डेसिबलमुळे नाही, त्या थरथरीमुळे. ती डब्यातून विकत मिळत नाही, त्यासाठी गळेच पाहिजेत.

एका माईकच्या पैशात पेटीच्या पट्ट्या साफ करून जुळवून होतात, फाटलेल्या खंजिऱ्या मढवून होतात. माझं ऐकाल तर पैसा तिथे घाला. बसताना एकमेकांच्या मांडीला मांडी लावू नका, हातभर जागा सोडा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचंही ऐकू येईल आणि शेजाऱ्याचंही. नव्या माणसाला कडेला ढकलू नका, मधे बसवा. एवढ्याने मंडळ उभं राहतं.

माणसं फार झाली की मात्र वेगळीच अडचण येते, वेळेची. आमच्या अमरावती जिल्ह्यातलं मोझरी सगळ्यांना माहीत आहे. यावलीला 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी तिथे 1935 साली गुरुकुंज आश्रम काढला आणि खंजिरी भजनाला, सामुदायिक प्रार्थनेला गावोगाव नेलं. प्रार्थनेला मैदानभर लोक बसलेले असतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे बसलेल्याला खंजिरीची थाप सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उशिरा पोचते. तो त्या थापेवर टाळी देतो, ती पुढे पोचेपर्यंत तेवढाच वेळ आणखी जातो. पुढच्याला वाटतं मागचे रेंगाळताहेत, मागच्याला वाटतं आपण बरोबर आहोत, आणि दोघंही खरे. उपाय डोळ्यात आहे. उंच ओट्यावर बसलेल्या माणसाचा हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो, कारण प्रकाशाला शंभर मीटरला काही वेळच लागत नाही. खंजिरी खांद्याच्या वर उचलून वाजवणाऱ्याला हे गणित कोणी शिकवलेलं नसतं, पण मोठ्या मेळाव्यात मी बहुतेकांना तशीच वाजवताना पाहिलंय.

शरीरात काय होतं तेही थोडक्यात सांगतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. सगळे एकाच ओळीला श्वास घेतात, एकाच ओळीवर सोडतात, त्यामुळे ठोक्यांची चढउतार एकत्र होऊ लागते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली अठरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींवर हे मोजून दाखवलं. ‘सगळ्यांची हृदयं एकाच ठोक्यावर धडधडतात’ असं ऐकाल तर विश्वास ठेवू नका. ठोके आपापलेच राहतात, वेग सोबत वाढतो आणि कमी होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 साली आणखी एक गोष्ट दाखवली. गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसं हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गातल्यांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ आली. सात महिन्यांनी सगळे वर्ग सारखेच जवळ होते, पण गाणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात आघाडी घेतली होती. गावात दोन तट पडलेले असताना सरपंचाच्या बैठकीआधी भजन ठेवणारे म्हातारे काय करत होते, ते यात दिसतं.

हे सगळं खरं असताना त्यावर खोट्याचं लिंपण कशाला? व्हॉट्सॲपवर फिरतं की 432 कंपनांचं संगीत ‘विश्वाशी जुळतं’ आणि 440 चं मुद्दाम लोकांना अस्वस्थ करायला आणलं. 440 हा वादकांना एकमेकांशी जुळवून घेता यावं म्हणून ठरवलेला आकडा आहे, 1955 साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, एवढंच. आमच्या मंडळात तर ‘सा’ रोज बदलतो. पुरुष जास्त असले तर पेटीची काळी दोन पट्टी, बाया जास्त असल्या तर काळी पाच. विश्व कोणत्या दिवशी जुळलं म्हणायचं? शेतात भजनाची टेप लावली की हरभरा जोमाने येतो, असं सांगून यंत्रं विकणारेही आमच्याकडे येऊन गेले. हरभऱ्याला पाणी, खत आणि अळीवर वेळेवर नजर लागते. भजन माणसांसाठी आहे.

काकड्याकडे परत येतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायला कायद्याने बंदी आहे, 2000 सालच्या नियमांत तसं लिहिलंय. गळ्याला बंदी नाही. आमच्या गावात पहाटेचं भजन अजून वीसजणांचं राहिलंय ते बरंचसं यामुळेच, असं मला वाटतं. गेल्या कार्तिकात दोन बायांनी काकूंना मधे ओढून बसवलं. पहिले चार दिवस नुसते ओठ हलले. पाचव्या दिवशी मी त्यांच्या मागेच होतो, आवाज आला. बारीक, थोडा खाली, आणि ध्रुपदाच्या, परत परत येणाऱ्या ओळीला बरोबर बसलेला.

त्याच पहाटे माझा चुलतभाऊ वावरात हरभऱ्याला पाणी देत होता, देवळापासून दीड किलोमीटरवर. दुपारी इतकं अंतर गेलेला आवाज हरवतो, कारण जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वर वळून जातो. पहाटे उलट होतं. जमीन गार, तिच्यालगतची हवा गार, वरची त्या मानाने उबदार. मग वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि शेतांवरून लांब पोचतो. बारीक व्यंजनं वाटेत विरतात, चाल टिकते. घरी आल्यावर त्याने सांगितलं, “शब्द काही समजले नाही दादा, पन चाल समजली. मीबी तिथूनच मागून म्हनलं.”

दीड किलोमीटर म्हणजे साडेचार सेकंद. तो ध्रुपद म्हणत होता तेव्हा देवळात पुढची ओळ सुरू झालेली होती.