घरच्या बिअरचं भांडं आणि दुसऱ्या भांड्याचा वाद

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे घरगुती बिअरच्या भांड्यांचा हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे हा छंद कित्येक वर्षं दुसऱ्या धंद्यांतून उरलेल्या भांड्यांवर चालला. घरगुती बिअरसाठी मुद्दाम घडवलेलं भांडं फार उशिरा आलं.

अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, अर्काचे डबे उघडपणे विकले जात आणि घरातल्या चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं बांधून, बिअर आंबवली जाई. बंदी उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. बिअरला मुभा देणारी सुधारणा १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाली. दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, करमुक्त. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ सालीच गेली होती आणि तिथे झाकणाची प्लॅस्टिकची बादली रुळली.

अमेरिकेत मान मिळाला तो काचेच्या कारबॉयला. पाण्याच्या कूलरवर उलटी ठेवायची ही पाच गॅलनची, १९ लिटरची बाटली. तेवढ्याच मापाची बिअर तिच्यात भरली की गळ्यापर्यंत येते आणि पहिल्या दोन दिवसांत उसळणाऱ्या फेसाला जागा उरत नाही. म्हणून तोंडात जाड नळी बसवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडायची पद्धत पडली. नळी बारीक असेल तर हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) चोथ्याने तुंबते आणि बूच छतापर्यंत उडतं. पुढे पहिल्या टप्प्यासाठी साडेसहा गॅलनचं भांडं आणि नंतरसाठी पाच गॅलनची बाटली अशी जोडी ठरून गेली.

खरा वाद या जोडीवरच आहे. आठवडाभराने बिअर तळाशी बसलेल्या गाळावरून काढून दुसऱ्या भांड्यात घ्यावी, असा नियम जवळपास प्रत्येक नवशिक्याला शिकवला गेला. त्यामागे भीती होती ती गाळातल्या मेलेल्या यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीची. पेशी फुटून बिअरला मांसासारखी किंवा रबरासारखी चव येते. त्या काळात ही भीती निराधार नव्हती. डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेली सुक्या यीस्टची पुडी किती महिने उन्हातान्हात पडून राहिली असेल याचा नेम नसे. शिवाय मोठ्या कारखान्यांत गाळ लवकर काढतात, हे उदाहरण समोर होतंच. पण तिथल्या उंच टाकीत तळाच्या यीस्टवर वरच्या द्रवाचा मोठा दाब येतो आणि साचलेल्या थरात उष्णता कोंडते. वीस लिटरच्या सपाट तळाच्या भांड्यात यातलं काही घडत नाही. चांगलं, ताजं यीस्ट सहज मिळू लागल्यावर कारणच संपलं, नियम मात्र टिकला. उलट बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात घेताना तिला हवा लागते. मग पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते, शिवाय जंतुसंसर्गाची एक संधी वाढते. फळं घालायची असतील, किंवा आंबट बिअर महिनोन्‌महिने मुरवायची असेल, तर दुसरं भांडं हवं. रोजच्या साध्या एलला (बिअरच्या एका प्रकाराला) त्याची गरज नाही. जाणकारांनी सल्ला बदलला तरी घरगुती बिअरच्या किटसोबतच्या कित्येक पत्रकांत जुनी सूचना अजून छापली जाते, आणि त्यात चांगली बिअर वाया जाते.

या निकालाचा फटका काचेला बसला. काचेतून प्राणवायू आत शिरत नाही, एचडीपीई या प्लॅस्टिकच्या बादलीतून हळूहळू शिरतो. पण दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्याने फारसं बिघडत नाही. भरलेला मोठा कारबॉय तीस किलोच्या आसपास जातो आणि ओल्या हातातून निसटला तर गंभीर जखमा होतात. बादली सोपी, तोंड रुंद, खाली भोक पाडून तोटी बसवता येते. मात्र तळाशी त्रिकोणात छापलेला २ हा आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, बादली खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असल्याची ग्वाही देत नाही. रंगाच्या डब्यावरही तोच आकडा असू शकतो. आणि आतून ओरखडे पडलेली बादली टाकून द्यावी, त्यांत जंतू घर करतात.

पुढचा बदलही दुसऱ्या धंद्यातूनच आला. शीतपेयांचा अर्क खोक्यातल्या पिशव्यांतून जाऊ लागला आणि आधी त्यासाठी वापरले जाणारे १९ लिटरचे स्टीलचे केग (दाब सोसणारी बंद पिंपं) स्वस्तात बाजारात आले. ते आधी तयार बिअर ग्लासात ओतून देण्यासाठी वापरले गेले. मग लोकांनी तळापासून बिअर वर आणणारी आतली लांब नळी खालून थोडी कापून गाळ टाळला, किंवा तरंगती नळी लावली, आणि त्यातच आंबवू लागले. हवा लागताच करडी पडणारी गढूळ आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) लोकप्रिय झाल्यावर केगमधून केगमध्ये, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने, बंद मार्गाने बिअर नेणं गरजेचं झालं. आता दाब सोसणारी पीईटीची (पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची) भांडी खास घरगुती वापरासाठी मिळतात. त्यांत कढत पाणी घालायचं नाही, दाबाची छापील मर्यादा ओलांडायची नाही आणि दाब सोडणारी झडप कधीही काढून ठेवायची नाही.