"काही प्रश्न?" नंतरची शांतता: ऑनलाइन मीटिंगमधल्या सहभागाची पार्श्वभूमी

ऑनलाइन मीटिंगमध्ये "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की जी शांतता पसरते ना, ती लॉकडाऊनची देणगी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पण दुखणं जुनंच आहे, आणि त्यावरचा एक चांगला उपायही कधीचाच सापडलाय, सॉफ्टवेअरवाल्यांनी तिकडे फारसं बघितलं नाही इतकंच.

सुरुवातीला सगळा भर चेहरा दिसण्यावर. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारा फोन, दाखवला, १९७० ला पिट्सबर्गमध्ये सर्व्हिस सुरू केली, भाडं महिन्याला १६० डॉलर, घेतोय कोण! लवकरच गाशा गुंडाळला.

खरी भारी गोष्ट पुढची. १९७३ च्या सुमारास स्टॅनफर्डचे प्रोफेसर जेम्स गिबन्स यांनी एचपीच्या लांबच्या ऑफिसातल्या इंजिनिअर्सना लेक्चरच्या टेप पाठवायला सुरुवात केली, आता नुसती टेप लावली तर माणूस पेंगणारच, म्हणून त्यांनी छोटे छोटे ग्रुप केले आणि प्रत्येक ग्रुपला एक ट्यूटर दिला. हा ट्यूटर विषयातला एक्स्पर्ट असायची गरज नव्हती, त्याचं मुख्य काम म्हणजे कुणाच्या कपाळावर आठी दिसली किंवा कुणी काही विचारलं की टेप थांबवायची आणि आपसात बोलू द्यायचं. १९७७ मध्ये 'सायन्स' या संशोधन मासिकात याचे निकाल छापून आले: या लोकांचे मार्क प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्या मुलांपेक्षा चांगले होते.

पण आपल्या आजच्या मीटिंगमधली बटणं आली ती वेबिनारच्या बाजूने, म्हणजे एक जण बोलणार आणि बाकीचे गिऱ्हाईक. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रातून १९९६ ला बाहेर पडलेल्या प्लेसवेअर या वेबिनार सॉफ्टवेअरमध्ये चक्क ऑडिटोरियमसारख्या खुर्च्या दिसायच्या आणि प्रेक्षक आपल्या खुर्चीचा रंग बदलून "जरा हळू" किंवा "प्रश्न आहे" असं कळवू शकायचे (आयडिया मस्तच होती खरं तर). पोल, चॅट, हात वर करणं हे सगळं याच काळातलं. पुढे याच विचाराचं वाईट रूप आलं, अटेन्शन ट्रॅकिंग. झूममध्ये होस्ट स्क्रीन शेअर करत असताना तुम्ही ३० सेकंदांपेक्षा जास्त दुसऱ्या विंडोत गेलात की त्याला तुमच्या नावापुढे खूण दिसायची, एप्रिल २०२० मध्ये टीका झाल्यावर ते कायमचं काढून टाकलं. बरंच झालं, वहीत नोट्स घेणारा आणि मोबाईलवर रील्स बघणारा, दोघंही त्या खुणेला सारखेच!

२०२० मध्ये तर झूमवर दिवसाला ३० कोटी हजेऱ्या लागायला लागल्या, २०१९ च्या डिसेंबरपर्यंत हाच आकडा १ कोटी होता. मग सगळ्यांचीच धावपळ, गूगल मीटमध्ये हात वर करणं, पोल, ब्रेकआउट रूम (मीटिंगमधलेच छोटे वेगळे ग्रुप) हे सगळं त्या वर्षाच्या शेवटी शेवटी आलं.

एवढं असूनही लोक गप्प का, तर एक कारण अगदी टेक्निकल आहे. समोरासमोरच्या गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, नेटवर आवाज पोचायलाच तेवढा उशीर झाला की दोघं एकदम बोलतात, मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला", आणि दोन-तीनदा असं झालं की माणूस म्यूटवर जातो तो जातोच. दुसरं कारण कॅमेरा. "सगळ्यांनी कॅमेरे ऑन करा" म्हणजे सहभाग वाढला असं बॉस लोकांना वाटतं, पण २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ॲलिसन गॅब्रिएल या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे प्रयोग केला त्यात उलटंच दिसलं, कॅमेरा चालू असला की थकवा जास्त, आणि थकलेला माणूस बोलतो कमी. बायकांना आणि नव्याने लागलेल्यांना हा त्रास जास्त झाला.

त्यामुळे अनुभवी ट्रेनर आता फिरून गिबन्सच्याच वाटेला लागलेत: थोडं बोलायचं, थांबायचं, स्क्रीन शेअर बंद करायचा, एक सोपा प्रश्न टाकायचा. उत्तर सगळ्यांनी चॅटमध्ये टाईप करून ठेवायचं पण एंटर मारायचं नाही, ट्रेनरने सांगितलं की सगळ्यांनी एकदम मारायचं, म्हणजे पहिल्याचं उत्तर बघून बाकीचे नुसतं "सेम" लिहीत नाहीत आणि हळू टाईप करणाराही मागे पडत नाही.