हिवताप शरीराला किती दिवस आठवतो?

आफ्रिकेत मलेरियाने दगावणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण पाच वर्षांखालची मुलं असतात. हे वाचून कुणाला वाटेल, हा लेकरांचाच आजार. पण आपल्या खान्देशात रात्रीच्या लायटीवर केळीला पाणी भरायला गेलेला पंचविशीतला गडीही कुडकुडत खाट धरतो. जंतू तोच; फरक आहे तो आयुष्यभरात किती वेळा गाठ पडली याचा.

१९०० च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी जावा बेटावर लोकांचं रक्त तपासलं. जिथे हिवताप कायम मुक्कामाला होता, तिथे मुलांच्या रक्तात जंतू भरपूर आणि मोठ्यांच्या रक्तात क्वचितच सापडले. फाल्सिपेरम हा हिवतापाचा सगळ्यात घातक जंतू पक्का बहुरूपी आहे. लाल पेशीवर तो जे प्रथिन मिरवतो, त्याची त्याच्याकडे सुमारे ६० जनुकं असतात. एक सोंग ओळखलं की दुसरं. बारमाही हिवतापाच्या गावात पोर शाळेत जाईपर्यंत त्यातली बरीच सोंगं पाहून झालेली असतात. त्या वयापर्यंत जगलं तर, अर्थात.

तापीकाठी उन्हाळा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा डास फार दिवस जगत नाहीत. पावसाळा आला की पुन्हा ताप. शरीराचा अभ्यास असा अर्धवट राहतो, आणि चावे थांबले की काही वर्षांत तोही पुसट होतो. म्हणून इथे मोठी माणसंही सुरक्षित नाहीत. गंभीर आजाराचं रूप मात्र वयानुसार वेगळं: मुलांना झटके, बेशुद्धी, रक्त फार कमी होणं, मोठ्यांना कावीळ, मूत्रपिंड बंद पडणं.

तान्ह्या बाळाला पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडं सांभाळतात. गर्भातलं हिमोग्लोबिनही अजून अंगात असतं, त्यात जंतू नीट वाढत नाही. धोका वाढतो तो ही शिदोरी सरल्यावर. नेमक्या त्या वयात सिकलसेलचं (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक दोषाचं) एकच जनुक असलेल्या मुलाला गंभीर हिवतापापासून मोठं संरक्षण मिळतं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत हे जनुक बऱ्याच जणांत आढळतं. पण दोन्ही पालकांकडून ते आलं तर सिकलसेलचा आजारच होतो, आणि अशा मुलाला हिवताप जिवावर बेततो.

पहिलटकरणीचं आणखी वेगळं. वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारा अवयव, तिच्या शरीराला नवा. तिथे चिकटणारं जंतूचं सोंग तिने कधी पाहिलेलंच नसतं. बाळ कमी वजनाचं जन्मतं ते त्यामुळे. पुढच्या बाळंतपणांत ओळख वाढत जाते.

आशाताईंकडच्या फाल्सिपेरमच्या गोळ्यांची पाकिटंही वयाप्रमाणे रंगीत असतात: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, पंधरा वर्षांवरच्यांना पांढरं. गुलाबी पाकिटात प्रायमाक्विन नसते. ही गोळी तान्ह्यांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून घरातल्या मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून बाळाला चारू नयेत.