पिस्तुलाच्या पुंगळ्या: कापायच्या कधी, किती आणि कशा

अमेरिकेत घरच्या घरी, स्वतःच्या सरावापुरती काडतुसे पुन्हा भरणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. यात फक्त पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, लांबीचा विषय आहे. पावडर किती, कोणती, हे छापील लोड मॅन्युअलमध्येच बघा. ते आम्ही फोनवरही सांगत नाही.

ट्रिमर (पुंगळी कापून आखूड करणारे यंत्र) विकणाऱ्याने हे म्हणू नये, पण ९ एमएम आणि .४५ एसीपी एवढेच भरत असाल तर तुम्हाला ट्रिमर बहुधा लागणार नाही. चांगला व्हर्नियर (बारीक माप घेणारा कॅलिपर) मात्र लागेल. .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट आणि थोड्या प्रमाणात .३८ स्पेशल भरणाऱ्यांनी पुढचे सगळे नीट वाचावे.

पुंगळी वाढते का?

बहुतेक रायफलींच्या पुंगळीला खांदा आणि मान असते. दर वेळी बार झाला आणि डायमधून (पुंगळी दाबून मूळ आकारात आणणाऱ्या साच्यातून) काढली की पितळ पुढे मानेकडे सरकते, म्हणून ती लांब होत जाते. पिस्तुलाची पुंगळी सरळ नळी. तिथे पितळ पुढे ढकलणारा खांदाच नाही. .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३८ स्पेशलचा १७,०००. एवढ्या दाबाला पुंगळी मुख्यतः आडवी फुगते आणि .४५ एसीपी तर वापरागणिक किंचित आखूडच होताना दिसते. .३५७ मॅग्नम ३५,००० आणि .४४ मॅग्नम ३६,००० पीएसआयपर्यंत जाते. पूर्ण ताकदीचे बार काढत राहिलात तर त्या वाढतात, आणि सगळ्या सारख्या वाढत नाहीत. ९ एमएमचाही दाब ३५,००० आहे, पण ती आखूड असल्याने आणि अनेकदा चार-सहा वापरांत हरवून जात असल्याने वाढीचा प्रश्न क्वचितच येतो.

पिस्तुलाच्या बाबतीत कापण्याचे खरे कारण वाढ हे नाहीच. कारण आहे सारखेपणा, आणि तोही क्रिम्पसाठी, म्हणजे बुलेट पक्की धरायला पुंगळीचे तोंड आत दाबतात त्यासाठी.

लांबीने काय बिघडते

रिव्हॉल्व्हरची पुंगळी रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) टेकते, तोंडावर नाही. त्यामुळे दोन-चार थाऊ आखूड असली तरी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) ती बरोबरच बसते. गोची होते ती रोल क्रिम्प देताना, म्हणजे तोंड बुलेटच्या खोबणीत वळवताना. डाय एकाच उंचीवर लावलेला असतो. लांब पुंगळीचे तोंड त्यात जास्त वळते, खोबणीत शिरायला जागा उरत नाही आणि तोंडाच्या खालची भिंत बाहेर फुगते. असे काडतूस सिलिंडरमध्ये अर्ध्यावर अडते. आखूड पुंगळीला क्रिम्प नावापुरताच लागतो. मग .४४ मॅग्नमसारख्या जोरकस धक्क्यात सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या बुलेट पुढे सरकतात, एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. क्रिम्प कमी-जास्त असला की वेगही कमी-जास्त येतो. कागदावर छिद्रे वर-खाली पसरतात ती बरेचदा यामुळे.

९ एमएम, .४० एस अँड डब्ल्यू आणि .४५ एसीपी यांना बाहेर आलेली रिम नाही. त्या चेंबरमध्ये तोंडावर टेकतात, आणि म्हणून त्यांना टेपर क्रिम्प (तोंड न वळवता नुसते दाबणे) द्यायचा, रोल नाही. मर्यादेपेक्षा लांब पुंगळी आली तर स्लाइड पूर्ण मिटत नाही. ती जोराने मिटवली तर तोंड पुढच्या निमुळत्या भागात दाबले जाते, बुलेटला सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक चढतो. ही एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका. फार आखूड पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) आधाराने लटकते. बार होतो, पण कधी पिनचा ठोका हलका पडतो आणि नेमही विस्कटतो.

मापे (आधी कमाल लांबी, मग कापून आणायची लांबी, इंचात)

९ एमएम: ०.७५४, ०.७५१
.४० एस अँड डब्ल्यू: ०.८५०, ०.८४५
.४५ एसीपी: ०.८९८, ०.८९३
.३८ स्पेशल: १.१५५, १.१५०
.३५७ मॅग्नम: १.२९०, १.२८५
.४४ मॅग्नम: १.२८५, १.२८०
.४५ कोल्ट: १.२८५, १.२८०

दुसरा आकडा म्हणजे देवाची रेघ नव्हे. .३५७ मॅग्नमच्या शंभर पुंगळ्यांच्या गठ्ठ्यातून वीस मोजा. सगळ्या १.२७८ ते १.२८४ मध्ये असतील तर गठ्ठा १.२७८ वर आणा, १.२८५ चा आग्रह धरून उपयोग नाही, कारण कापून लांबी वाढत नाही. ९ एमएमची खालची मर्यादा ०.७४४ आणि .४५ एसीपीची ०.८८८. वापरलेल्या ९ एमएम पुंगळ्या बहुतेक ०.७४४ आणि ०.७५४ यांच्या मध्येच सापडतात. ०.७५४ च्या वरची एखादी निघाली तर ती कापत बसण्यापेक्षा भंगारात टाकणे स्वस्त पडते.

कापण्याआधी

क्रम असा: साफ करणे, जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून डायमधून साइझ करणे, म्हणजे मूळ मापाला आणणे, मग मोजणे. साइझ करण्याआधी मोजलेली लांबी खोटी असते. फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबली गेली की तिची लांबी बदलते. तोंड फाकवण्याचे काम कापून झाल्यावर. फाकलेल्या तोंडावर व्हर्नियरही फसतो आणि कटरही.

साफ करताना तोंडाला उभी चीर आहे का बघा. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या इथे लवकर चिरतात, शिवाय कटरची धारही खातात. लोहचुंबकाला चिकटणारी पोलादी पुंगळी आणि ॲल्युमिनियमची पुंगळी बाजूला काढा. काही ९ एमएम पुंगळ्यांत आत भिंतीला पायरी असते, तीही बाद. बुडावरचा शिक्का बघून वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्या वेगळ्या करा. भिंतीची जाडी बनावटीप्रमाणे बदलते, म्हणजे लांबी सारखी करूनही क्रिम्प सारखा येणार नाही.

रायफलवाले मान तापवून मऊ करतात, ते पिस्तुलाच्या पुंगळीला करू नका. ती इतकी आखूड असते की उष्णता बुडापर्यंत पोहोचते, आणि मऊ झालेले बूड दाब झेलू शकत नाही.

लेथ पद्धतीचा ट्रिमर

पायलट (पुंगळीच्या तोंडात शिरून कटर मधोमध ठेवणारी दांडी) निवडताना बरेच जण अडतात. पिस्तुलाच्या साइझिंग डायमध्ये तोंड मोठे करणारा गोळा नसतो, त्यामुळे साइझ केलेल्या ९ एमएम पुंगळीचे आतले माप पायलटपेक्षा कमी भरते. पायलट ठोकून घालू नका. पितळ त्याला चिकटते आणि आतून ओरखडे पडतात. एक्सपांडर डाय एवढाच खाली घ्या की आतले माप मोठे होईल पण तोंड फाकणार नाही, मग कापा. पायलट बोटाने फिरला पाहिजे आणि लडबडताही कामा नये.

पहिली पुंगळी लावा, कटर तोंडाला नुसता टेकवा आणि थांबा-कॉलर (कटर किती आत जाईल ते ठरवणारे कडे) मोकळी ठेवून दोन-तीन फेरे द्या. काढा, मोजा. कॉलर थोडी सरकवा, पुन्हा कापा, पुन्हा मोजा. माप आले की स्क्रू घट्ट करा आणि तीच पुंगळी पुन्हा लावून हँडल फिरवा. काही कापले गेले तर कॉलर घट्ट करताना सरकली आहे. कटरवर हाताचा भार हलका ठेवा. कापताना सुरुवातीला खरखर येते ती एका बाजूचा उंचवटा कापल्याची. पूर्ण काठ लागला की आवाज एकसारखा होतो. हलका भार देऊन आणखी एक फेरा द्या आणि थांबा. तोंडाभोवती सगळीकडे सारखी चकाकी दिसली पाहिजे. अर्ध्याच काठावर चकाकी असेल तर ती पुंगळी ठरलेल्या मापापेक्षा आखूड आहे. ती वेगळी ठेवा.

दर दहा-पंधरा पुंगळ्यांनी एक मोजा. माप अचानक घसरले तर आधी कॉलेटच्या (पुंगळी पकडणाऱ्या चिमट्याच्या) मागे बघा. पितळेचा बारीक कीस बुडामागे अडकतो, पुंगळी कटरकडे ढकलली जाते आणि दोन-तीन थाऊ जास्त कापले जाते. ब्रशने झाडा, फुंकू नका. कीस डोळ्यात जातो. चष्मा तर लावायचाच. काही ट्रिमरचा कॉलेट पुंगळी रिमच्या पुढच्या बाजूने ओढून धरतो. अशा ट्रिमरमध्ये रिमच्या जाडीतला फरक थेट लांबीत उतरतो, आणि त्याला सेटिंगचा दोष मानून लोक उगाच कॉलर फिरवत बसतात. एक्स्ट्रॅक्टरने रिमला पाडलेली खोच किंवा टोकही पुंगळी तिरकी बसवते. तिरकी पुंगळी म्हणजे तिरके तोंड. अशी रिम आधी बारीक कानशीने साफ करा.

स्वस्त पर्याय म्हणजे ठरलेल्या लांबीची पिन असलेला कटर. पिन फ्लॅश होलमधून (बुडातल्या, प्रायमरची ठिणगी आत नेणाऱ्या छिद्रातून) जाऊन तळाच्या ठोकळ्याला टेकते, म्हणजे माप बुडापासूनच घेतले जाते. काम भरवशाचे, पण माप बदलता येत नाही. आखूड हवे असेल तर पिनचे टोक जरा जरा घासावे लागते. फ्लॅश होलमध्ये प्रायमरची राख किंवा खडा राहिला तर पिन आधीच अडते आणि पुंगळी लांब राहते. मध्ये एक छिद्र नसून दोन असलेली बर्डन पुंगळी यात चालत नाही.

बर काढणे आणि पुढे

कापल्यावर तोंडाच्या आत-बाहेर बर (धातूची बारीक खरखरीत कड) उरते. चॅम्फर टूलने (काठ घासायच्या हत्याराने) आत दोन हलके फेरे, बाहेर एक. नखाला काही अडू नये इतकेच. आतली बर राहिली तर बुलेट बसवताना शिशाची किंवा मुलाम्याची कडी खरवडून निघते आणि ती चेंबरच्या कडेवर साचते. उलट, जास्त घासून धार आणली तर ९ एमएम आणि .४५ एसीपीचे नुकसान होते, कारण त्या त्याच काठावर टेकतात.

नव्या लांबीच्या पुंगळीवर क्रिम्प डाय पुन्हा लावा. आधीचे सेटिंग चालणार नाही. ९ एमएमच्या टेपर क्रिम्पनंतर तोंडाचे बाहेरचे माप ०.३७८ च्या आसपास यावे. नळी पिस्तुलातून सुटी काढून तिच्यात तयार काडतूस टाकून बघा. ते टपकन बसले आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर आले तर ठीक.

.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. .३५७ ची पुंगळी .३८ पेक्षा ०.१३५ इंच लांब आहे. .३८ चे बार काढून चेंबरमध्ये जिथे तिचे तोंड येते तिथे काजळीचे कडे जमते, आणि नंतर .३५७ तिथे अडते. पुंगळी कापण्याआधी चेंबर ब्रशने घासून बघा. आणि .३५७ ची पुंगळी कापून .३८ करू नका. बुडावर शिक्का एक आणि माप दुसरे, हा गोंधळ दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर महागात पडतो.

प्रायमरच्या राखेत शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, टेबलावर चहा-फराळ ठेवू नका आणि मुलांना कीस झाडायला लावू नका.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरण्याचा व्यवसाय करायला लागतो. राज्याचे नियम मात्र स्वतंत्रपणे तपासा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व बनवायची यंत्रेही येतात. गावी जाताना रेंजवर नेलेली बॅग वापरणार असाल तर तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तरात राहिलेली एक रिकामी पुंगळीसुद्धा विमानतळावर चौकशीला पुरते. ट्रिमर, डाय किंवा पुंगळ्या भारतात पाठवण्याच्या ऑर्डरी आम्ही घेत नाही.