व्यालेली गाय पुन्हा वेळेवर गाभण राहण्यासाठी : पशुपालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपूर परिसरात दोन-चार गाई बाळगणारे अनेक पशुपालक उन्हाळ्यात आमच्या पशुखाद्याच्या दुकानात एकच तक्रार घेऊन येतात : गाय दूध चांगले देते, पण तीनदा रेतन करूनही उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. बहुतेकांना त्यावर एखादी पावडर हवी असते. ती देण्याआधी आम्ही विचारतो की व्याल्यापासून गाय किती खंगली आहे.

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. त्यामुळे वर्षाला एक वेत हवे असेल, तर व्याल्यानंतर साधारण ८५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. गर्भाशय पूर्वस्थितीत यायला त्यातला महिना-दीड महिना जातो आणि उरलेल्या काळात हाती येतात ते एक-दोन माज.

व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. ही तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते, आणि ती फार खंगली की अंडाशयाचे काम मंदावून माज लांबतो. आपल्याकडे धानाचे तणस आणि सोयाबीनचे कुटार यांनी पोट भरते, परंतु तणसात ऊर्जा, प्रथिने आणि फॉस्फरस फारच कमी असतात. म्हणून मका, बरसीम किंवा नेपियर यांपैकी जो मिळेल तो हिरवा चारा, दुधाच्या प्रमाणात ढेप व भरडा आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. खनिज मिश्रण आम्ही विकतो, तरीही स्पष्ट सांगतो की ते चाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ही काळजी भाकड काळातच, म्हणजे विण्याआधी दूध बंद असतानाच, सुरू व्हावी. मात्र त्या काळात गाय फार लठ्ठ झाली, तर व्याल्यावर ती खाणे कमी करते आणि अधिकच खंगते.

व्याल्यानंतर वार (गर्भाभोवतीचे वेष्टन, जार) १२ तासांत पडली नाही तर ती ओढू नये आणि तिला वीट किंवा दगड तर मुळीच बांधू नये. त्याने गर्भाशयाला इजा होते. दुर्गंधीयुक्त स्राव किंवा ताप दिसताच पशुवैद्यकास बोलवावे, कारण तेव्हा अंगावर काढलेला संसर्ग पुढे गाय वारंवार उलटण्याचे कारण ठरतो.

मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, माज तोकडा आणि मुका (बाहेरून लक्षणे न दिसणारा) होतो व पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. दिवसभर दावणीला बांधलेल्या गाईचा असा माज लक्षात येणार तरी कसा? यासाठी पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी गाई अर्धा तास अंगणात मोकळ्या सोडाव्यात. दुसरी गाय अंगावर चढली असता जी शांत उभी राहते, ती माजावर आहे असे समजावे. पहाटे शेपटीखाली बॅटरीचा उजेड टाकून पाहावे : काचेसारखी स्वच्छ, लोंबणारी बळस (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) दिसेल, किंवा रात्री गळून शेपटीच्या केसांवर वाळलेली तिची पापुद्र्यासारखी खूण दिसेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. बळस गढूळ किंवा पूमिश्रित असेल, तर रेतन न करता आधी उपचार करून घ्यावेत.

एक माज हुकला की पुढच्या माजासाठी साधारण २१ दिवस थांबावे लागते. म्हणून व्याल्याची, माजाची आणि रेतनाची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहावी. तीन वेळा उलटलेल्या गाईसाठी आमच्याकडे पावडर मागण्याऐवजी या तारखा घेऊन पशुवैद्यकाकडून तिच्या गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी.