लॉक स्क्रीनवरचा फोटो आणि लॉकच्या आतले फोटो : पार्श्वभूमी

पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात अर्धा तास उभं राहिलं, तर 'लॉक' हा शब्द निदान चार अर्थांनी कानावर पडतो. "लॉक स्क्रीनवर नातीचा फोटो लावून द्या" हा एक. "फोल्डरला लॉक मारायचाय, मुलांना दिसायला नको" हा दुसरा. "लॅपटॉप आपोआप लॉक झालाय, कसला तरी लांबलचक नंबर मागतोय" हा तिसरा. आणि दुकान डीटीपीवाल्यांच्या गल्लीत असेल, तर "लॉक हरवला" असंही कुणी म्हणेल. तिथे लॉक म्हणजे डोंगल, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून मशिनच्या मागं खोचलेला बोटभर तुकडा.

मराठीत दार बंद करण्यासाठी कडी आहे, खिट्टी आहे, अडसर आहे आणि कुलूप आहे. कडी लावली असं म्हणणाऱ्याला आपण कुलूप घातलेलं नाही हे पक्कं ठाऊक असतं. कॉम्प्युटर घरात आला आणि हा सगळा फरक एका इंग्रजी शब्दात विरघळून गेला. खासगी फोटोंबाबत गेल्या पंचवीस वर्षांत जे गैरसमज झाले, त्यांतले निम्मे तरी या विरघळण्यातून आलेले आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. रोलचा कॅमेरा होता तोवर खासगी फोटो ही कल्पनाच लंगडी होती, कारण धुवायला दिलेला प्रत्येक फोटो आधी स्टुडिओवाला पाहायचा. पत्रिकेसोबत पाठवायला मुलीचा फोटो काढला, तरी निगेटिव्ह बहुधा स्टुडिओतच राहायची. घरातले अल्बम कपाटात, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. चित्र बदललं ते डिजिटल कॅमेऱ्यानं. फोटो आणि आपण यांच्यामधला तिसरा माणूस गेला आणि त्याच्या जागी हॉलमधला, घरातल्या पाच-सहा जणांचा मिळून असलेला कॉम्प्युटर आला.

त्या कॉम्प्युटरला दार होतं का? दिसायला होतं. विंडोज ९५ आणि ९८ सुरू होताना नाव आणि पासवर्ड विचारायचे. घरगुती मशिनवर एस्केपचं बटण दाबलं की ती चौकट निघून जायची आणि डेस्कटॉप समोर यायचा. ही काही गुप्त पळवाट नव्हती. तो पासवर्ड मुळात नेटवर्कसाठी आणि प्रत्येकाच्या वेगळ्या मांडणीसाठी होता, फायली राखण्यासाठी नव्हताच. पण ज्यांनी तो घातला, त्यांना आपण कुलूप घातलं असंच वाटत होतं. स्क्रीनसेव्हरलाही पासवर्ड देता यायचा. जुन्या जाड काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग उमटायचा, म्हणून स्क्रीनसेव्हर आला. त्याला नंतर पासवर्ड जोडला गेला. आजच्या लॉक स्क्रीनचा पूर्वज शोधायचा तर तो हाच. म्हणजे मूळ हेतू काच वाचवण्याचा, राखण नंतर अंगाला चिकटलेली.

आता विंडोज एक्सपी. याबद्दल जास्त लिहावं लागतं, कारण खासगी फोटोंचा प्रश्न इथल्या घरांत उभा राहिला तो याच काळात. २००१ च्या ऑक्टोबरात आलेली ही विंडोज २०१४ च्या एप्रिलपर्यंत अधिकृतपणे जिवंत होती, आणि पुण्यातल्या कित्येक क्लासेसमध्ये आणि सोसायट्यांच्या ऑफिसांत त्यानंतरही. हिरव्या टेकडीचं तिचं चित्र सगळ्यांना आठवतं. (तो फोटो १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला. आपली वेताळ टेकडी तशी दिसते ती फार तर पावसाळ्याचे दोन महिने.) डेस्कटॉपवर ती टेकडी बदलून गणपती किंवा नवी गाडी लावणं सोपं होतं. मात्र सुरुवातीच्या निळ्या स्वागतपडद्यावर नावाशेजारचं चौकोनी चित्र तेवढं बदलता यायचं. रबरी बदक, गिटार, बुद्धिबळाची प्यादी यांतून निवडा, नाहीतर आपलं एखादं टाका. मागचा निळा रंग बदलायचा तर विंडोजचीच एक फाइल बाहेरच्या सॉफ्टवेअरनं बदलावी लागायची. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर हा उद्योग जोरात चाले आणि त्यात मशिन बंदही पडत.

राखणीच्या बाबतीत एक्सपीनं एक पाऊल पुढं टाकलं होतं. प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि खात्याला पासवर्ड देताना 'तुमच्या फायली खासगी करायच्या का' असा प्रश्न. 'हो' म्हटलं की दुसऱ्या साध्या खात्यावरून त्या उघडत नसत. पण त्याला दोन अटी होत्या. हार्डडिस्क एनटीएफएस या फायली मांडण्याच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी, आणि समोरच्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं नको. एक्सपीच्या घरगुती वापरासाठीच्या होम आवृत्तीत हे अंगभूत खातं पासवर्डशिवायच यायचं आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाड शोधण्यासाठीच्या मोजक्या सुरुवातीत, गेलं की समोर हजर व्हायचं. त्यातून कुणी हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशिनला 'स्लेव्ह लावली', तर सगळंच उघडं. दुकानदार डेटा असाच काढून देत. गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि मग हेच दुसरं कुणीही करू शकतं हा विचार त्याच्या मनात येत नसे.

खरं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, तेव्हाही होतं. किल्लीशिवाय फोटो म्हणजे निव्वळ निरर्थक आकड्यांचा ढीग, मग डिस्क कुठंही न्या. ही सोय विंडोज २००० पासून होती. एक्सपीत ती प्रोफेशनल आवृत्तीत ठेवली आणि होममधून वगळली. पुढं अख्खी ड्राइव्ह बंद करणारं बिटलॉकर २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर सर्वसामान्यांपर्यंत पोचलं, तेही फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझ या वरच्या आवृत्त्यांत. या निर्णयावर तेव्हापासून वाद आहे. बाजू घेणारे म्हणतात, घरगुती माणूस किल्ली हरवणार आणि कायमचा रडत बसणार, त्यापेक्षा न दिलेलं बरं. विरोधक म्हणतात, खासगी फोटो घरगुती माणसाकडंच असतात, ऑफिसात ताळेबंद असतो. सजावट सगळ्यांना फुकट आणि कुलूप तेवढं जास्त पैशांचं, हे गणित प्रस्तुत लेखकाला कधीच पटलेलं नाही. पण किल्ली हरवण्याची भीती खोटी नव्हती, हेही कबूल करायला हवं.

पुण्यात मात्र या वादाला वेगळंच वळण होतं. इथं असेंबल्ड पीसीची चलती होती, आणि त्यावर 'टाकून' मिळणारी विंडोज सर्रास बिनपरवान्याची. फुकटच टाकायची तर होम कशाला? म्हणून एक्सपी प्रोफेशनल, नंतर विंडोज ७ अल्टिमेट. ज्या आवृत्तीसाठी परदेशात जादा पैसे पडत, ती इथं पेठापेठांत घरोघरी होती. कुलूपही आलेलं होतं आणि कुणी वापरत नव्हतं. ज्यांनी वापरलं, त्यांतल्या काहींना फोटो गमवावे लागले. मशिन हळू झालं की 'फॉरमॅट मारा' हा तेव्हाचा रामबाण. सी ड्राइव्ह उडवायची, डी ड्राइव्हवरचे फोटो तसेच ठेवायचे. पण एन्क्रिप्शनची किल्ली खात्यासोबत सी ड्राइव्हवर असायची. ती आधी बाहेर काढून ठेवली नसेल, तर डीवरच्या फोटोंची हिरव्या अक्षरातली नावं तेवढी उरत, फोटो काही उघडत नसत.

मग लोकांनी काय वापरलं? पडदे. फाइल 'हिडन' करायची, आणि भाऊ 'शो हिडन फाइल्स'वर टिचकी मारेपर्यंत निश्चिंत राहायचं. फोल्डरला आल्ट धरून ०१६० असं अदृश्य नाव द्यायचं, त्याला रिकामं आयकॉन लावायचं. फोटोच्या नावामागचं जेपीजी काढून डीएलएल करायचं, म्हणजे ती विंडोजचीच एखादी फाइल वाटावी. सगळ्यांत लोकप्रिय होती ती नोटपॅडमध्ये लिहिलेली 'लॉकर' नावाची बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायच्या आज्ञांची यादी. ती फोल्डरला कंट्रोल पॅनेलचा वेश चढवायची आणि पासवर्ड विचारायची. तो पासवर्ड त्याच फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेला असे. राइट क्लिक करून 'एडिट' म्हटलं की वाचायला मिळे. सायबर कॅफेच्या पोरांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त फोल्डरच्या मालकाला. आणखी एक गोष्ट त्याच्या गावी नसे. फोटो पुसले तरी त्याच फोल्डरात एक्सपीनं तयार केलेल्या 'थम्ब्स' नावाच्या लपलेल्या फाइलीत त्यांच्या छोट्या प्रती राहून जात.

या सगळ्याला लोक 'लॉक मारला' असंच म्हणत आले.

२००८ मध्ये हाँगकाँगमध्ये एका अभिनेत्यानं लॅपटॉप दुरुस्तीला दिला, त्यातले अत्यंत खासगी फोटो बाहेर आले आणि पुढच्या वर्षी तिथल्या तंत्रज्ञाला शिक्षा झाली. ती बातमी इथंही चघळली गेली, पण चर्चा फोटोंत कोण आहे याचीच झाली. दुरुस्तीच्या दुकानातल्या आपल्या मशिनकडं कुणी वळून पाहिलं नाही. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात खासगी अंगांची चित्रं परवानगीशिवाय टिपणं आणि पसरवणं हा वेगळा गुन्हा झाला तो २००९ च्या ऑक्टोबरात लागू झालेल्या दुरुस्तीनं, कलम ६६-ई. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २०१७ चा.

सजावटीची बाजू मात्र वेगानं पुढं गेली. विंडोज ७ मध्ये लॉगिनचं मागचं चित्र बदलायची छुपी सोय होती. ती खरं तर मशिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या बोधचिन्हांसाठी ठेवलेली, चित्र २५६ केबीच्या आत बसवलं की चालायची. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि लॉक स्क्रीन हा स्वतंत्र पडदा झाला. आधी फोटो, घड्याळ, तारीख, आणि तो वर सरकवला की पासवर्डची जागा. टॅब्लेटवर हे शोभत होतं. माऊस आणि कीबोर्डवाल्यांना दाराआधी आणखी एक दार कशाला, असं झालं. त्याच वेळी 'पिक्चर पासवर्ड' आला. आपल्याच फोटोवर एखादा गोल, एखादी रेघ, एखादी टिचकी अशा तीन खुणा बोटानं करायच्या. दाखवायचा फोटो आणि कुलपाची किल्ली एकच.

वर्षभरात ८.१ मध्ये लॉक स्क्रीनवर स्लाइड शो आला, आणि इथं सजावट आणि राखण हे दोन्ही धागे एकमेकांत अडकले. स्लाइड शो चित्रं घेतो ती 'पिक्चर्स' या फोल्डरातून, जिथं कॅमेऱ्यातलं आणि फोनमधलं सगळं येऊन पडतं. विंडोज १० मध्ये मशिनवरच्या आणि वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यावरच्या 'कॅमेरा रोल'मधलेही फोटो घ्यायचे का, असं बटण आहे. म्हणजे पासवर्ड न देता, मशिन लॉक असताना, समोरून जाणाऱ्या कुणालाही आपले फोटो एकामागून एक दिसत राहणार. हिंजवडीतल्या ऑफिसांत हा प्रश्न येत नाही, कारण तिथं लॉक स्क्रीन कंपनीचीच असते, बदलायचं बटण राखाडी. तिथला नियम वेगळा, जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबा. नाहीतर "उद्या माझ्याकडून सगळ्यांना मिसळ" अशी मेल आपल्याच नावानं अख्ख्या टीमला गेलेली असते. फजिती होते ती घरच्या लॅपटॉपवर, जो सोसायटीच्या सभेत प्रोजेक्टरला जोडला जातो.

विंडोज १० नं २०१५ मध्ये कंपनीकडूनच रोज नवं निसर्गचित्र पाठवायची 'स्पॉटलाइट' ही सोय आणली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच पडद्यावर एका गेमची जाहिरात झळकली आणि बरीच ओरड झाली. चेहरा दाखवून किंवा पिन देऊन आत जाणं रूढ झालं तेही याच आवृत्तीत. चार आकडी पिन पासवर्डपेक्षा कच्चा वाटतो. पण तो त्या एकाच मशिनपुरता असतो, ऑनलाइन खातं त्यानं उघडत नाही.

आता उरला तो सुरुवातीला दुकानात ऐकलेला लांबलचक नंबर. होम आवृत्तीतही ड्राइव्ह एन्क्रिप्ट होण्याची सोय ८.१ पासून, योग्य हार्डवेअर असेल तर, होती. विंडोज ११ ला सुरक्षेची टीपीएम २.० चिप सक्तीची झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीपासून, नवं मशिन ऑनलाइन खात्यानं सुरू केलं की हे कुलूप बहुतेक ठिकाणी आपोआप लागतं. इतकी वर्षं जे मागून मिळत नव्हतं ते न मागता मिळालं, आणि मिळालं हे बऱ्याच जणांना कळलंही नाही. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशिनच्या मूळ मांडणीत, हात घातला गेला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. २०२४ च्या जुलैत एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख मशिन्स बंद पाडली, तेव्हा अनेक ऑफिसांतल्या लोकांनी ही किल्ली पहिल्यांदाच शोधली.

घरच्या मशिनची किल्ली असते ती ज्या ऑनलाइन खात्यानं मशिन सुरू झालं त्या खात्यात. ते खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं घाईत स्वतःच्या ईमेलवरून सुरू करून दिला असेल, तर कुलूप आपल्या घराला आणि किल्ली त्याच्या खिशात. अमेरिकेतल्या मुलानं सुट्टीत येऊन बाबांना लावून दिला असेल, तर मध्यरात्री फोन त्याला.

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. जुनी मशिन्स ११ वर नेणं किंवा नवी घेणं, हे काम सध्या दुकानांत चालू आहे. जॉबकार्डवर पासवर्ड लिहून घ्यायची पद्धत अजून तशीच आहे. त्याखाली काही दुकानांनी पेनानं एक नवी ओळ वाढवली आहे : 'कुठल्या ईमेलवर आहे?' गिऱ्हाईक बहुतेक वेळा ती जागा रिकामी सोडतं, आणि लॉक स्क्रीनवरचा फोटो तेवढा तसाच ठेवा म्हणून सांगून जातं.